चार्ज लिस्टमध्ये नसलेली मंडळी

जंगलखात्यात रेंजरची बदली झाली की जाणारा साहेब येणाऱ्या साहेबाला घराचा चार्ज देतो, आणि तेव्हा एक यादी मोठ्याने वाचली जाते. सागवानी टेबल एक, खुर्च्या चार पैकी मोडकी एक, नवारीचे पलंग दोन, कंदील दोन पैकी बिनकाचेचा एक, रांजण एक, पितळी कुलूप किल्लीसह एक, असं म्हणत म्हणत कारकून शेवटाला येतो, दोन्ही साहेब खाली सह्या ठोकतात, चहा होतो आणि घर या हातातून त्या हातात जातं. आता गंमत बघा, त्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या राहत असतात, रात्री जागतात, भिंती लिंपतात, चौकटी खातात, पिल्लं वाढवतात आणि अधूनमधून एकमेकांचा फराळ करतात, त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या यादीत नसतं. साहेब तीन वर्षांनी निघून जातो. ही मंडळी जात नाहीत. त्यांच्या बदलीचा हुकूम अजून कोणाला काढता आलेला नाही.

तर आज त्यांच्या गोष्टी. सतरंजी जरा भिंतीपासून लांब ओढा, का ते पुढे कळेल, आणि कंदिलाची वात थोडी खाली करा, म्हणजे पाखरं कमी येतील.

वर्ध्याहून सेलूला यायचं, सेलूहून हिंगणी, आणि हिंगणी सोडून थोडं पुढे गेलं की बोरधरण. बोर नदीवर 1965 साली हे धरण झालं, पाणी तुंबलं, आणि त्या पाण्याच्या काठाकाठाने सागाचं, ऐनाचं, तेंदूचं, बांबूचं जे जंगल उभं आहे त्याला 1970 साली अभयारण्य केलं आणि 2014 च्या जुलैत व्याघ्र प्रकल्प. गाभाक्षेत्र म्हणाल तर उणंपुरं 138 चौरस किलोमीटर. देशातल्या व्याघ्र प्रकल्पांची रांग लावली तर हा पार शेपटाकडे सापडायचा. मेळघाटातल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो मिशीत हसतो. पण वाघाला आकडे वाचता येत नाहीत हे बरं आहे. तो इथे राहतो, वाढतो, आणि पाय फुटले की पेंच नाहीतर ताडोब्याच्या दिशेने शेतंशिवारं ओलांडत निघतो. वाघाच्या गोष्टी मात्र आज नाहीत, त्या सगळेच सांगतात. आपण रेंजरच्या घरात बसू.

जुन्या वळणाचं रेंजरचं घर ज्याने पाहिलं असेल त्याला मी काय सांगतो ते लगेच डोळ्यापुढे येईल. कमरेएवढं दगडी जोतं, त्यावर हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर सागाच्या फाट्यांवर कवेलू, चारी बाजूंनी ओसरी, आणि छताच्या अगदी जवळ लहान लहान झरोके. आजचे इंजिनीअर त्या झरोक्यांकडे बघून विचारतात की एवढ्या वर खिडकी कशाला, तिथून बाहेर बघायला माणूस काय शिडी लावणार? पण ती खिडकी माणसाच्या बघण्यासाठी नसतेच, ती तापलेल्या हवेच्या जाण्यासाठी असते. हवा तापली की हलकी होते, वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते, आणि तिच्या जागी ओसरीच्या सावलीतली त्यातल्या त्यात थंड हवा खालच्या दारातून आत येते. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ही जाड भिंत दिवसभर उन्हाचा मार खाते, पण ती उष्णता दगडमातीतून सरकत सरकत आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते. म्हणून दुपारी आत सुख आणि रात्री अंगणात खाट, असा सगळा बेत. वर दाराला वाळ्याची ताटी आणि तिच्यावर पाण्याचे शिपके. एक लिटर थंडगार पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त ते पाणी वाफ होऊन उडताना ओढून नेतं, आणि ती नेतं कुठून, तर दारातून आत शिरणाऱ्या झळीतून. हे गणित ताटीवर पाणी मारणाऱ्या पोराला कोणी शिकवलेलं नसायचं, त्याला एवढंच ठाऊक असायचं की ताटी सुकली की साहेब ओरडतो.

या घरांचा मूळपुरुष पाहायचा तर पचमढीला जावं लागतं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1862 साली त्या पठारावर जंगलात राहण्यासाठी घर बांधलं, ‘बायसन लॉज’. पचमढीतलं ते पहिलंच तसं घर. नाव गव्याच्या नावावरून, आणि गवा म्हणजे तिथला खरा जहागीरदार, तेव्हा नाव ठेवताना साहेबाने थोडी अदब दाखवली म्हणायची. मध्य प्रांत हा नवा प्रांत होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं, आणि ज्या वर्षी हे घर उभं राहिलं त्याच वर्षी आपला वर्धा जिल्हा नागपूरपासून तोडून वेगळा केला गेला. वर्धा शहर मात्र तेव्हा नव्हतंच, जिल्ह्याचा कारभार पुलगावजवळच्या कवठ्याहून चालायचा, शहर वसलं 1866 मध्ये. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या गावापेक्षा जंगलातलं हे घर वयाने मोठं. फोर्सिथने मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावर एक मोठं पुस्तक लिहिलं, ते 1871 मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी तो गेला, चाळिशीही गाठली नाही. घर मात्र अजून आहे, त्यात आता जंगलाचं संग्रहालय आहे. भिंतीवर काचेच्या आड काय काय मांडून ठेवलेलं असतं. मला विचाराल तर अशा घरातलं खरं संग्रहालय भिंतीच्या आत, जमिनीच्या खाली आणि छताच्या वर असतं, आणि त्याला तिकीट नाही.

जमिनीखालून सुरुवात करू. वाळवी.

रेंजर नवीन आला की पहिल्या पावसात तो एक दिवस सकाळी उठून बघतो तर जोत्यावरून भिंतीवर एक मातीची रेघ चढलेली. बोटाने खरवडली तर आत पोकळ, आणि आत मऊ पांढरे किडे धावपळ करताहेत. ही रेघ म्हणजे बोगदा. वाळवीचं अंग इतकं नाजूक की उघड्या हवेत ते सुकून जातं, म्हणून ती जिथे जाते तिथे छप्पर घेऊन जाते. कामकरी वाळवीला दिसत नाही, अंधारात जन्मते, अंधारात मरते, आणि तरी चौकटीत नेमकी शिरते. पुस्तकवाले सांगतात की ही झुरळांची नातलग आहे, मुंग्यांशी तिचं काही नातं नाही. मुंगी उलट तिची वैरीण. ऐकून वाईट वाटतं, कारण वाळवीच्या कामसूपणाला झुरळाचं घराणं शोभत नाही.

आता वाळवी सगळंच लाकूड खाते असं नाही, आणि इथे सागाची गोष्ट सांगायला हवी. जंगलात जाल तेव्हा सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लालभडक होतो. पोरं ते ओठाला लावून नाचतात. सागाच्या अंगातच असले रस भरलेले. खोडाच्या आतल्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं एक द्रव्य असतं, ते वाळवीला सोसत नाही. म्हणून सागाचा गाभा शेदोनशे वर्षं टिकतो, पण त्याच खोडाचा सालीलगतचा फिकट भाग वाळवी मजेत खाते, कारण तिथे हे औषध पोचलेलं नसतं. जुन्या काळी चौकट बसवताना म्हातारा सुतार फळी उन्हात धरून रंग बघायचा आणि फिकट पट्टा दिसला की तो तासून टाकायचा. कोवळ्या झाडाच्या फळीत असा पट्टा जास्त, गाभा कमी. कुठल्याशा नाक्यावर अशी कोवळी चौकट बसली होती म्हणतात. दोन पावसाळ्यांत दार हातात आलं आणि चौकटीला रंगाचा फक्त पापुद्रा उरला होता, नाकेदार दार टेकून ठेवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, धक्का देऊ नका, वाऱ्यावर उभं आहे.

आणि खरी नवलाची गोष्ट तर पुढेच आहे. आपल्याकडे वारुळं बांधणारी जी वाळवी आहे तिला लाकूड पचतच नाही! म्हणजे खाते, पण अर्धंमुर्धं. पोटातून ते बाहेर आलं की त्याचे बारीक गोळे रचून ती वारुळाच्या पोटात थर लावते, आणि त्या थरांवर एक बुरशी वाढवते. लाकडातला जो टणक भाग कोणालाच पचत नाही तो ही बुरशी मऊ करते, आणि मग वाळवी तो थर परत खाते, बुरशीच्या पांढऱ्या कण्यांसकट. माणसाने शेती धरली त्याला दहाबारा हजार वर्षं झाली, ही बाई कोट्यवधी वर्षांपासून शेती करते. बुरशीला हवा लागते, ओल लागते, ऊब लागते, म्हणून वारुळात हवा खेळती ठेवायची सोय असते. मघाचे झरोके आठवा. फोर्सिथच्या आधीपासून कोणीतरी हे बांधकाम करत होतं.

ही बुरशी पावसाळ्यात वारुळातून डोकं वर काढते तेव्हा तिचीच अळंबी होते, आणि आपल्याकडे त्यांना म्हणतात सात्या. सात्या लावून येत नाहीत, माणसाला त्यांची शेती जमत नाही, ती वाळवीलाच जमते. म्हणून विदर्भाच्या बाजारात सात्या आल्या की मटणाच्या तोंडात मारील असा भाव, आणि तरी टोपली अर्ध्या तासात रिकामी. रेंजरच्या अंगणातल्या वारुळावर सात्या उगवल्या की साहेबाच्या घरात कोण आधी उठतं आणि चौकीदाराच्या घरात कोण आधी उठतं अशी शर्यत लागते, आणि साहेबाला ती कधी जिंकता आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी याच वारुळातून पंखवाले राजपुत्र आणि राजकन्या हजारोंनी उडतात. कंदिलाभोवती इतकी गर्दी होते की जेवणाच्या ताटात हात घालवत नाही. मग शहाणा माणूस कंदील ओसरीच्या टोकाला नेऊन ठेवतो, खाली पाण्याची परात लावतो आणि आत अंधारात जेवतो. थोडं उडून झालं की ते स्वतःच पंख झटकून टाकतात, जोडीजोडीने जमिनीत शिरतात, आणि हजारांतली एखादी जोडी तगली तर तिचं राज्य होतं. राणीचं पोट मग फुगत फुगत बोटाएवढं होतं, तिला हलता येत नाही, आणि ती दिवसाला हजारो अंडी घालत वर्षानुवर्षं त्या एकाच कोठडीत पडून राहते. राणीपणाची हौस असणाऱ्यांनी हे एकदा बघून घ्यावं.

वाळवीचा गिऱ्हाईक कोण, तर अस्वल. बोरच्या जंगलात अस्वलं आहेत, आणि मोहाच्या दिवसांत ती मोहावर असतात, पण वारुळाचा वास आला की पाय तिकडे वळतातच. अस्वल आधी नखांनी वारूळ फोडतं, मग तोंड लावून जोराने फुंकर मारतं, धूळमाती उडवून देतं, आणि मग श्वास ओढून किडे शोषून घेतं. या कामासाठी त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात मुळातच नसतात, ती फट म्हणजे नळीचं तोंड. आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या त्याला हव्या तेव्हा बंद करता येतात. रात्रीच्या शांततेत ती फूं-फूं आणि सूं-सूं शे-दीडशे पावलांवर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्या रात्री जंगलात लोहाराने भाता कोणासाठी लावलाय.

आता ओसरीवर या. त्या यादीतल्या पितळी कुलपाची गोष्ट. साहेब पंधरा दिवस दौऱ्यावर जातो, परत येऊन कुलपात किल्ली घालतो, आणि किल्ली शिरत नाही. काडीने उकरलं तर आधी माती, मग एक कोळी, मग दुसरा कोळी, मग तिसरा. सगळे ताजे, टवटवीत, पाय जरासे हलतात पण पळत कोणी नाही. ही करामत कुंभारणीची. बारीक कंबरेची ती माशी ओल्या चिखलाची गोळी तोंडात धरून आणते, गुणगुणत गुणगुणत भिंतीला कोठी लिंपते. तिच्या काही जाऊबाया स्वतः बांधायच्या भानगडीत न पडता आयतं भोक गाठतात, मग ते बांबूचं असो, बंदुकीच्या नळीचं असो की सरकारी कुलपाचं. कोळी पकडून त्याला ती असा डंख मारते की तो मरत नाही, नुसता लुळा पडतो. मेला तर दोन दिवसांत सडेल, आणि तिच्या अळीला तर तीन आठवडे ताजं जेवण हवं. डझनभर कोळी भरले, त्यांतल्या एकावर अंडं घातलं, तोंड लिंपलं, की ती मोकळी. आपल्या लेकराचं तोंडही ती पाहत नाही, आणि त्याला जेवायला मात्र काही कमी पडत नाही. कुंभारणीने घर केलं तर घरात पाळणा हलतो असं आमच्याकडे बाया म्हणतात आणि ते कोठं कोणाला फोडू देत नाहीत. नव्या साहेबाला काय माहीत, तो झाडू मागवतो, आणि मग त्याला चहात साखर कमी मिळते.

या इवल्याशा माशीने केवढा घोटाळा व्हावा, त्याचंही सांगतो. 1996 च्या फेब्रुवारीत, वेस्ट इंडीज बेटांकडच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं एक मोठं विमान काही मिनिटांत समुद्रात कोसळलं आणि 189 माणसं गेली. विमानाचा वेग मोजायला बाहेर एक बारीक नळी असते. विमान काही दिवस जमिनीवर उभं होतं, नळीवर टोपण नव्हतं, आणि तपास करणाऱ्यांचा कयास असा की त्या नळीत कुंभारणीने घर केलं होतं. वेग चुकीचा दिसत गेला आणि वैमानिक गोंधळले. तेव्हापासून मी उघडं भोक दिसलं की चिंधी कोंबतो. माझ्या घरात त्यावरून बोलणी बसतात.

कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पाल आलीच असेल. बघा, आली. आपण काही बोललो आणि ती चुकचुकली की गोष्ट खरी, असं आपण धरतो. म्हणजे मी आता जे सांगणार त्याला साक्षीदार हजर आहे. ती छताला उलटी चालते कशी, यावर फार जुन्या काळापासून मोठमोठ्या लोकांनी डोकं खाजवलं. कोणी म्हणे पायात चिकट रस आहे, कोणी म्हणे हवा शोषून धरणारे पेले आहेत. 2000 साली केलर ऑटम नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी टोके नावाच्या मोठ्या पालीच्या पायाचा एकच केस वेगळा करून त्याची ओढ मोजली. हो, केस. तिच्या एका पायाच्या तळव्यावर सुमारे पाच लाख बारीक केस असतात, आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत फुटलेलं. एवढी टोकं भिंतीला इतकी जवळ जाऊन भिडतात की भिंतीचे कण आणि पायाचे कण एकमेकांना ओढतात. कुठल्याही दोन वस्तूंत ही ओढ असतेच, फक्त आपला हात खडबडीत, तो भिंतीला तितका जवळ जातच नाही. ना गोंद, ना पेला. आणि इतकी चिकटलेली पाल सुटते कशी? केसांचा कोन बदलून, बोटं टोकाकडून उलगडत. एका सेकंदात कितीदा तरी चिकटते आणि सुटते. तिला पापण्या नाहीत, म्हणून ती जिभेने स्वतःचा डोळा पुसते. आपल्यातल्या कोणाला जमत असेल तर करून दाखवा.

जिथे पाली, उंदीर आणि बेडूक, तिथे त्यांच्या मागे येणारे आलेच. सतरंजी भिंतीपासून लांब घ्यायला सांगितली ती यासाठी. धामण आली तर येऊ द्या, ती उंदीर नेते आणि आपल्या वाटेने जाते. मण्यार वाईट. ती पावसाळ्यात रात्री भिंतीच्या कडेने फिरते, पाली, सापसुरळ्या, उंदीर आणि दुसरे सापसुद्धा खाते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात तिच्यावर पडला तर चावते; चावलेलं कित्येकदा कळतही नाही इतकं ते हलकं, आणि विष मात्र श्वास बंद पाडणारं. म्हणून जंगलात खाट, आणि खाटेला मच्छरदाणी, तीही गादीखाली नीट खोचलेली. आपल्या जिल्ह्यात साप न मारता घरात कसं राहावं याचा एक नमुना सेवाग्रामला बघायला मिळतो. 1936 साली गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा ते शेगाव नावाचं रान-शिवारातलं खेडं होतं, साप-विंचवाला तोटा नव्हता. साप दिसला की लाकडी चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा अशी आश्रमाची रीत; तो चिमटा आणि पिंजरा तिथे ठेवलेला आहे. रेंजरच्या घरात पिंजरा नसतो, पण चौकीदाराकडे लांब काठी आणि भरपूर धीर असतो.

सगळ्यात शेवटी छतावरचा म्हातारा.

एका रेंजच्या गावी असं घर होतं की तिथे चौकीदार रात्री राहायचा नाही. संध्याकाळी कंदील पुसायचा, पाणी भरायचा, आणि दिवस बुडायच्या आत घरी. मी विचारलं, “काहून रे?” तर तो कुजबुजला, “साहेब, छताच्या वरतं म्हतारा रायते. राती घोरते थो. आन् कधी कधी किंचायते.” मग गावातून कळलं की फार मागे कुणी इंग्रज साहेब त्या घरात तापाने मेला आणि त्याला पेन्शन न मिळाल्याने तो जागेवरून हलत नाही. पेन्शनीची ही अडचण मला पटण्यासारखी वाटली. रात्री मी अंथरुणावर पडलो आणि दहाच्या सुमारास वरून घोरणं सुरू झालं. खरंच म्हाताऱ्याचं घोरणं, लांब, खरखरीत, मध्येच थांबून पुन्हा ओढून घेतलेलं. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की तिसरा, म्हणजे म्हातारा एक नव्हता, मंडळ होतं. आणि मधूनच बाहेर अशी एक किंकाळी, की अंगावर काटा यावा.

सकाळी छताच्या फळीवर शिडी लावून वर बघितलं तर कोपऱ्यात पाच पांढरी पिल्लं. गव्हाणी घुबडाची. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशी उतरत्या उंचीची, सगळ्यात मोठं जवळजवळ उडायला आलेलं आणि सगळ्यात धाकटं नुसता पिसांचा गोळा. हे असं का, तर घुबडीण पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवायला बसते आणि पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालत जाते, म्हणून पिल्लंही त्याच क्रमाने बाहेर येतात. उंदीर मुबलक असले तर पाचही जगतात. नसले तर मोठी तगतात, धाकटी जातात. तोंडाने घोरल्यासारखा आवाज काढून ती आईबापाला भूक सांगत असतात, आणि ती रात्रभर सांगत असतात. किंकाळी बापाची किंवा आईची, हद्दीची.

या पाखराचे कान बघण्यासारखे आहेत, म्हणजे दिसत नाहीत, पिसांखाली असतात. डाव्या कानाचं भोक उजव्यापेक्षा वर असतं आणि त्याचा रोख खालच्या अंगाला. उजवं खाली आणि रोख वर. त्यामुळे उंदीर खाली खुडबुडला की आवाज डाव्या कानात जास्त, वर खुडबुडला तर उजव्यात जास्त. उजवीकडे आहे की डावीकडे, ते कोणत्या कानात आधी पोचला त्यावरून. दोन्ही हिशेब एकदम होतात आणि घुबडाला अंधारात उंदराचा पत्ता घरक्रमांकासह मिळतो. रॉजर पेन नावाच्या अमेरिकन पोराने विद्यार्थी असताना ठार अंधाऱ्या खोलीत घुबड आणि उंदीर सोडून हे दाखवून दिलं. अशाच एका प्रयोगात उंदराच्या शेपटीला दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधला, उंदीर चालायचा मऊ जमिनीवर बिनआवाज आणि कागद मागे खरखरायचा. घुबडाने झडप घातली ती कागदावर. म्हणजे वासाने नाही, उबेने नाही, कानानेच. हाच पेन पुढे समुद्रात कान लावून बसला आणि देवमासे गातात हे त्याने जगाला ऐकवलं; 1970 साली त्या गाण्यांची तबकडी निघाली. घुबडापासून देवमाशापर्यंत माणूस नुसता ऐकत ऐकत गेला, मला हे फार आवडतं. आणि झडप घालताना घुबडाच्या स्वतःच्या पंखांचा आवाज का होत नाही, तर पंखाच्या पुढच्या काठाला बारीक दाते असतात, ते वारा विंचरून काढतात.

फळीखाली काळ्या गोळ्यांचा ढीग पडला होता. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं आणि केस-हाडांचा गोळा तोंडावाटे टाकून देतं, रोज एक-दोन. चौकीदाराला बसवून आम्ही एक गोळा पाण्यात भिजवून उलगडला. आत उंदरांच्या कवट्या, स्वच्छ, पांढऱ्या. फक्त पुढचे दात नारिंगी. त्या दातांच्या पुढच्या बाजूच्या थरात लोखंड असतं, म्हणून ती बाजू टणक, मागची मऊ. मागची आधी झिजते आणि धार कायम राहते. मग एक चिचुंद्रीची कवटी निघाली, तिचे दात पांढरे सुया. मी एकेक हाड त्याच्या हातावर ठेवत सांगत गेलो की बाबा, हा बघ तुझा म्हातारा, हा रोज रात्री तुझ्या धान्याच्या कणगीची राखण करतो, याला भ्यायचं कारण नाही. तो मन लावून ऐकत होता, मान डोलावत होता, हाडं उलटसुलट करून बघत होता. मला वाटलं, चला, एक माणूस तरी रात्री घरात थांबायला लागला.

संध्याकाळी कंदील पुसून झाल्यावर तो शिडीपाशी गेला, कानामागची बिडी काढून खालच्या पायरीवर ठेवली, आणि निघाला. मी म्हटलं, “अरे, आता कोणाला बिडी? सकाळी पिल्लं पाहिलीस ना तू डोळ्यांनी?”

“पाह्यली नं, साहेब. पिल्लं घुबडाचीच हायेत,” तो म्हणाला. “पन थे त्याच्याकडं भाड्यानं रायतात.”